बावीस नावं आणि एक रिकामी ओळ

१

पालेगावच्या विहिरीवरचा नावांचा दगड रविवारी दुपारी एक ते पावणेदोनच्या दरम्यान नाहीसा झाला, आणि तोच दगड बघायला पुरातत्त्व खात्याच्या बाई चार वाजता येणार होत्या.

दगड म्हणजे काही पिशवीत टाकून न्यायची वस्तू नव्हे. दोन हात लांब, हातभर रुंद, चार बोटं जाड असा काळा पाषाण. दोन धडधाकट माणसांनी उचलायचा म्हटला तरी कंबर बोलू लागेल. त्यावर सगळ्यात वर ‘सन १९५७’ असं कोरलेलं होतं, खाली बावीस नावं होती, आणि नावांच्या मधोमध एक ओळ कुणीतरी छिन्नीनं खरवडून टाकलेली होती.

त्या बावीस नावांत पाचवं नाव मायाताईंच्या वडिलांचं होतं. त्यामुळे जेवणानंतर मैत्रेयी धावत विहारात आली आणि “मावशी, दगड गेला!” म्हणाली, तेव्हा मायाताईंच्या हातातलं ताक पदरावर सांडलं.

“गेला म्हणजे? त्याला काय पाय आहेत?”

“नाहीये जागेवर. मधल्या ओट्यावर भिंतीला टेकवून ठेवला होता ना, तिथे नुसता ओला डाग आहे.”

मायाताई बासष्ट वर्षांच्या. अंबरनाथच्या आयुध कारखान्यात तेहतीस वर्षं तपासणी विभागात काढलेली बाई. निवृत्त झाल्या तरी पर्समधली सहा इंची पोलादी पट्टी काही निवृत्त झाली नव्हती. जगातल्या सगळ्या वस्तूंचे त्यांच्या लेखी दोनच प्रकार होते, ‘पास’ आणि ‘रिजेक्ट’. भाजीवाल्याची भेंडी असो नाहीतर भाच्याला सांगून आलेली मुलगी असो, मायाताईंचा निकाल या दोन शब्दांत लागायचा. मैत्रेयी त्यांच्या बहिणीची मुलगी, आर्किटेक्ट झालेली, आणि विहीर वाचवायचं खूळ मुळात तिचं.

खूळ तरी कसं म्हणायचं? छप्पन साली दीक्षा घेऊन आलेल्या इथल्या घरांनी ठरवलं होतं, की गावच्या विहिरीवर पाण्यासाठी हात पसरायचा नाही, आपली विहीर आपण खोदायची. पुढच्या वर्षी खोदली. बायका-पोरांसकट, स्वतःच्या हातांनी, सोळा पायऱ्यांची. मग नळ आले, विहीर गाळानं भरली, आणि आता आजूबाजूला वीस-वीस मजली इमारती उभ्या राहिल्यावर तिच्यावरून चाळीस फुटी रस्ता न्यायचं घाटत होतं. मैत्रेयीनं समिती काढली आणि वर्गणीऐवजी माल मागितला. एक घर, एक भेली गूळ, एक घमेलं चुना. लोकांनी दिलं हो! चुन्यात मिसळायला अंबरनाथच्या कामगार वसाहतीतून गूळ आला, बदलापूरहून बेलफळं आली, वांगणीकडच्या ठाकूरवाडीतल्या बाया रविवारचा रोज बुडवून गाळ उपसायला आल्या. सात महिने दर रविवारी दीडदोनशे माणसं राबली. हे बघून मायाताईंची छाती दर आठवड्याला थोडी रुंद व्हायची आणि त्या ते लपवतही नसत.

तीन आठवड्यांपूर्वी गाळातून तो दगड वर आला, तेव्हा सगळी विहीर रडली होती.

“फोटो आहेत ना आपल्याकडे?” मागून कुणीतरी विचारलं. तो हरिचंद्र होता. अडुसष्ट वर्षांचा गवंडी, सात महिने एक पैसा न घेता पायऱ्या बसवणारा. “फोटो दाखवू की बाईंना.”

“काका, फोटो चिखलातले आहेत. आणि फोटो चालत नाही,” मैत्रेयीच्या डोळ्यांत पाणी आलं. “दगड जागेवर स्वतःच्या डोळ्यांनी बघितला तरच त्या लिहिणार, की विहीर लोकांनी बांधलेली आहे. नाहीतर त्यांच्या दृष्टीनं तो एक जुना खड्डा. मंगळवारी भराव टाकायला डंपर येतायत.”

हरिचंद्राचा चेहरा पांढराफटक पडला. पण त्या घटकेला कुणाचा चेहरा धड होता?

२

विहिरीवर गर्दी जमली आणि गर्दीला चोर सापडायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

“बिल्डरचाच माणूस! तो साइटवरचा अभिजीत सकाळपासून पहिल्या मजल्यावर उभा राहून बघतोय.”

“आणि तो मुकेश? टेम्पो घेऊन कशाला आला होता?”

“थांबा,” मायाताई म्हणाल्या. “उचलली जीभ लावली टाळ्याला, असं नको. दगड आधी शोधायचा, चोर मागाहून. मला सांगा, जेवायला जाताना सगळ्यात शेवटी विहिरीतून वर कोण आलं?”

“मीच,” हरिचंद्र म्हणाला. “गेल्या रविवारच्या पायऱ्यांना पाणी मारलं, हात धुतले, आलो. तवा दगड होता.”

चुन्याचं काम म्हणजे बाळंतिणीची उस्तवार. सिमेंट एकदा थापलं की आपलं आपण घट्ट होतं, पण चुन्याला उन्हाची झळ लागली की तो तडकतो. म्हणून सांधा भरला की त्यावर गोणपाट टाकायचं आणि ते दिवसातून चारदा भिजवायचं. हे हरिचंद्रानं सगळ्यांना इतक्या वेळा सांगितलं होतं, की पोरं त्याला पाठीमागे गोणपाटकाका म्हणत. आजही पायऱ्यांवर ओली गोणपाटं अंथरलेलीच होती. आज मात्र नवीन दगड बसवायचा नाही, असं मैत्रेयीनं सकाळीच बजावलं होतं. खात्याच्या बाईंना अर्धवट काम जसं आहे तसं बघायचं होतं. सोळा पायऱ्यांपैकी सहा जागा मोकळ्या होत्या, त्यांचे सहा दगड गेरूनं आकडे घालून वर काठावर ओळीनं मांडलेले होते.

मायाताई हळूहळू पायऱ्या उतरल्या. त्यांच्या पुढे हरिचंद्र उतरला. अकराव्या पायरीवर गोणपाट होतं, ती त्यानं ओलांडली आणि एकदम मधल्या ओट्यावर पाय टाकला.

“ओलाय चुना. पाय देऊ नका, ताई,” तो म्हणाला.

मायाताईंनीही पाय दिला नाही. ओट्यावर दगडाच्या जागी आयताकृती ओला डाग होता. खाली तळाशी उरलेला मऊ गाळ लोण्यासारखा सपाट, त्यावर पाखराचं पाऊलसुद्धा नव्हतं. म्हणजे दगड खाली टाकलेला नाही. ओट्याच्या कडेला मात्र नखाएवढा पांढरा टवका उडालेला होता. मायाताईंनी पट्टी लावून बघितली. पहारीच्या टोकाचा होता, आणि ताजा.

“दोघांनी उचलला असता तर टवका कशाला उडाला असता?” त्या स्वतःशीच म्हणाल्या. “एकट्या माणसाचं काम आहे.”

वर येऊन त्यांनी दुसरी चौकशी केली ती गल्लीची. विहिरीकडे यायला एकच गल्ली, आणि तिच्या तोंडाशी साडेबारापासून पाण्याचा टँकर आडवा उभा होता. त्याचा ड्रायव्हर विहारात पंगतीला बसून दोन वेळा भात घेऊन जेवला होता. टँकर अजून तिथेच होता, त्यामुळे एकही गाडी बाहेर गेली नव्हती.

“मग दगड इथेच आहे,” मायाताई म्हणाल्या.

पण तासभर सगळ्यांनी मिळून झाडी, चुन्याचा हौद, वाळूचा ढीग, विहाराची मागची बाजू, सगळं पालथं घातलं. दगड काही सापडला नाही. घड्याळात तीन वाजायला आले.

३

मुकेशला गर्दीनं टेम्पोपाशीच अडवून ठेवलं होतं. उल्हासनगरच्या फर्निचर बाजारात त्याचं दुकान. जुने झोपाळे, पितळी कड्यांचे दरवाजे, असलं काय काय विकत घ्यायचा आणि पॉलिश करून बंगलेवाल्यांना विकायचा. दोन आठवड्यांपूर्वी दगड बघून त्यानं ‘क्या पीस है!’ असं म्हटलेलं चार लोकांनी ऐकलं होतं.

“मायाताई, तुम्हीच सांगा यांना,” तो काकुळतीला आला होता. “मी साडेबाराला आलो. बारदाना उतरवला. पन्नास नग, एकदम कोरे, माझ्याकडून सेवा. टेम्पो वळवत होतो तर तो टँकर आडवा. फिर मैं क्या करता? जेवायला बसलो.”

“उशिरा आलास पंगतीला.”

“हात काळे झाले होते ना गाडीचे! ताई, माझे आजोबा सिंधमधून आले तेव्हा अंगावरच्या कपड्यांवर आले. घराचा एक दगड पण आणता नाही आला. मी कुणाच्या आजोबांचा दगड उचलणार? ‘क्या पीस है’ म्हणालो ते खरं. पण विकायला नाही म्हणालो, साईं. डोळ्यात पाणी आलं म्हणून म्हणालो.”

मायाताईंनी टेम्पोत डोकावून पाहिलं. रिकामा. शेजारी त्यानं उतरवलेला बारदानाचा गठ्ठा पडला होता.

“ही गाठ तू सोडलीस?”

“नाही. मी बांधलेलाच दिला. का?”

गठ्ठ्याची सुतळी सुटलेली होती. मायाताईंनी गोणपाटं मोजली नाहीत, नुसती हातात एक धरून बघितली. करकरीत, तपकिरी, नव्या तागाचा वास येणारी. मग त्यांनी ती खाली ठेवली आणि मुकेशच्या खांद्यावर हात ठेवून गर्दीला म्हणाल्या, “हा पास. सोडा त्याला आणि पाणी द्या.”

अभिजीतला गाठायला त्यांना बांधकामाच्या पहिल्या मजल्यापर्यंत चढावं लागलं. पोरगा कुळगावचा, तिथल्या जुन्या आळीतला, पंचवीस-सव्वीसचा, डोक्यावर पिवळं हेल्मेट.

“काकी, मला माहितेय तुम्ही कशाला आलात. मी घेतलेला नाही.”

“मी विचारलं का? सकाळपासून तू काय बघत होतास ते विचारायला आले.”

अभिजीत ओशाळला. “काम बघत होतो. आमच्या साइटवर तीनशे लेबर आहे, सगळे पगारी, तरी एक भिंत सरळ येत नाही. आणि तुमच्याकडे बँकेतली माणसं, फॅक्टरीतली माणसं, फुकट घमेली उचलतायत आणि जोडाला जोड कसा बसतोय! बघतच राहावंसं वाटतं. साहेबाला सांगू नका.”

मायाताईंना खरं तर कामाला लागायचं होतं, पण हे ऐकून त्या क्षणभर तिथेच थांबल्या. शत्रूच्या तोंडचं कौतुक त्यांना गुळापेक्षा गोड लागलं.

“एक ते पावणेदोनमध्ये काय दिसलं?”

“काय नाय. सगळे जेवायला गेले. तुमचे ते गवंडी काका तेवढे होते, नेहमीसारखं पाणी मारत होते. गोणपाट, बादली, सगळं घेऊन खाली उतरताना दिसले. मग विहिरीवरच्या त्या उंबराच्या आड गेले, तिकडचं इथून दिसत नाही. पंधरा-वीस मिनिटांनी वर आले. बाकी कोणी नाय, शप्पथ.”

मायाताई जिन्याकडे वळल्या आणि तिथेच थबकल्या.

“काय म्हणालास? बादली आणि काय घेऊन?”

४

विहाराच्या ओट्यावर धोंडिबा आबा बसले होते. पंच्याऐंशीच्या पुढे गेलेले. विहीर खोदली तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, आणि तेव्हाच्या हातांपैकी आता त्यांचे दोनच उरले होते.

मायाताई त्यांच्या पायाशी बसल्या. “आबा, जय भीम. मला एकच सांगा. ती खरवडलेली ओळ कुणाची?”

आबांनी मान फिरवली. “ते नको इचारू, बाय. शब्द दिलाय.”

“कुणाला?”

“ज्याचं नाव व्हतं, त्यालाच. मी आता हाये, उद्या नाय. शब्द मोडून कुठं जाऊ?”

“बरं, नाव नका सांगू. पंचांनी काढलं का ते नाव? काही गुन्हा केला होता त्यानं?”

आबा एकदम ताठ झाले. “कोन म्हनतो पंचांनी काढलं? आमी हात जोडलं व्हतं त्याला! नको काढू म्हनून समदा पाडा रडला. त्यानं ऐकलं नाय. त्याचं त्यानं केलं.”

“त्याचं त्यानं,” मायाताई पुटपुटल्या. “मग आणखी एक सांगा. दगडावर ही नावं कोरली कुणी?”

“आता कोन कोरनार? गवंडी एकच व्हता आमच्यात. रावजी. विहिरीचा दगड न् दगड त्याच्या हातचा. समदे एका मापाचे, एक जव इकडं नाय का तिकडं नाय.”

मायाताईंनी मैत्रेयीला हाक मारली आणि तिच्या फोनमधला चिखलातला फोटो मोठा करून बावीस नावं एकेक वाचली. पाचव्या नावावर त्यांचा अंगठा जरा रेंगाळला. बावीसही वाचून झाली, रावजीचं नाव त्यात नव्हतं. ज्यानं दगड घडवला, तोच दगडावर नव्हता.

“मैत्रेयी, सकाळी तू ठसा घ्यायचा कागद आणला होतास. कुणी काही विचारलं का त्याबद्दल?”

“हरिकाकांनी विचारलं. खरवडलेलं पण उमटतं का म्हणून. मी म्हटलं उमटतं, आणि चारच्या तिरप्या उन्हात तर कागदाशिवायही दिसेल. का गं, मावशी?”

मायाताई उठून काठावर गेल्या, गेरूनं आकडे घातलेले दगड मोजले, मग विहिरीत डोकावून मोकळ्या जागा मोजल्या. पुन्हा मोजल्या. तेहतीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी दोनदा मोजल्याशिवाय कशावरही शिक्का मारला नव्हता.

मग त्या मैत्रेयीला म्हणाल्या, “सगळ्यांना विहिरीवर बोलाव. मुकेशला आणि त्या पिवळ्या हेल्मेटलाही.”

तेव्हा साडेतीन वाजले होते.

५

“काखेत कळसा आणि गावाला वळसा, अशी आपली गत झाली,” मायाताईंनी सुरुवात केली. काठाभोवती शंभरेक माणसं उभी होती. “गल्लीत टँकर आडवा, म्हणजे दगड गाडीतून गेला नाही. गाळावर खूण नाही, म्हणजे तळात पडला नाही. पहारीचा एकच टवका, म्हणजे तो एकट्या माणसानं हलवला आणि फार लांब नेला नाही. इथपर्यंत पटतंय?”

माना हलल्या.

“आता वर बघा. पायऱ्यांचे किती दगड आहेत?”

“सहा,” मैत्रेयी म्हणाली. “सकाळपासून सहाच आहेत.”

“आणि खाली मोकळ्या जागा किती?”

मैत्रेयी वाकून मोजू लागली, आणि पाचावर थांबली. तिनं पुन्हा मोजल्या. “पाच! पण असं कसं? आज एकही दगड बसवला नाही आपण. अकरावा तर हा इथे वरच पडलाय!”

“मग अकराव्या जागेत काय बसलंय?”

सगळ्यांची नजर अकराव्या पायरीवरच्या ओल्या गोणपाटाकडे गेली.

“बाकीची गोणपाटं बघा, चुन्यानं पांढरी पडलीत. हे एकच कोरं आहे. मुकेशनं ते साडेबाराला आणलं, म्हणजे तो सांधा त्यानंतरचा. रावजी गवंड्यानं सगळे दगड एका मापाचे घडवले होते, म्हणून नावांचा दगड पायरीच्या जागेत चपखल बसला. ओट्यावरून पहारीनं सरकवला, नावं खालच्या अंगाला करून वरच्या मोकळ्या जागेत टेकवला, चारी बाजूंनी चुना भरला.” मायाताईंनी श्वास घेतला. “दुसरा कुणी असता तर चुना फासून पळाला असता. जेवणाची पंगत उठायला आलेली, कोण येईल याचा नेम नाही, अशा वेळी सांध्याला ऊन लागेल म्हणून गोणपाट टाकून, भिजवून मग वर येणारा चोर मी जन्मात बघितला नाही. चोरी करतानाही ज्याच्यानं काम बिघडवलं गेलं नाही, त्याला मी चोर म्हणणार नाही. आणि त्याचं नावही घेणार नाही. त्याला वाटलं तर तो सांगेल.”

खाली गोणपाटातून पाणी ठिबकत होतं.

हरिचंद्र पुढे आला. त्याच्या हातातली टोपी पिळून पिळून दोरीसारखी झाली होती.

“मीच,” तो म्हणाला. “विहिरीचं वाटोळं व्हावं म्हणून नाही केलं. फोटोवर भागेल असं वाटलं. मग भागत नाही म्हणून कळलं, आणि इतक्या लोकांत तोंड उघडेना.” त्यानं अकराव्या पायरीकडे बघितलं. “मी सात वर्षांचा असताना बाप गेला. शाळेत भांडण झालं, तर एक पोरगा म्हणाला, तुझ्या बापाचं नाव पंचांनी खरवडून काढलंय, चोर होता तो. घरी येऊन आईला विचारलं. ती काही बोलली नाही, नुसती रडली. तेव्हापासून साठ वर्षं मी त्या ओळीला भीत आलो. दगड गाळात गेला तेव्हा सुटलो असं वाटलं. तो वर आला तेव्हा तुम्ही सगळे आनंदानं रडलात, मी भीतीनं रडलो. आज तिरप्या उन्हात बापाचं नाव सगळ्यांसमोर वाचलं जाणार, आणि खात्याच्या पुस्तकात चोर म्हणून चढणार. फोडायचा पण विचार आला. पण त्यानं घडवलेला दगड, हात नाही उचलला. नावं खाली केली, म्हणजे कुणाच्या नावावर पाय नको.”

“अरे येड्या!” धोंडिबा आबांचा आवाज आला. त्यांना दोघांनी धरून आणलं होतं. “साठ वरसं हे पोटात ठेवलंस? मला एकदा इचारायचं तरी!”

“तुमी सांगितलं असतं, आबा?”

आबा डोळे मिटून, जणू समोर दुसरंच कुणी उभं आहे तसे म्हणाले, “रावजी, माफ कर रं. शब्द मोडतो.”

६

“ठराव व्हता,” आबा सांगू लागले. “ह्या विहिरीवर मजुरी नाय. कुनी दाना घ्यायचा नाय, समदं आपखुशीनं. रावजीची बायको तवा बाळंत झालेली. घरात कन नाय, अंगावर दूध नाय, पोर रडून निळं पडाया लागलं. तवा रावजीनं पंचांकडून दोन पायली तांदूळ मागून घेतलं. चोरून नाय, मागून! आमी म्हनलं, घे बाबा, तुझाच हक हाये. पन विहीर झाली, नावं कोरली, आन् दुसऱ्या दिवशी बघतो तर हा आपलंच नाव काढतोय. म्हनला, बाकीच्यांनी फुकट हाडं झिजवली, मी दाम घेतला, मी या वळीत बसत नाय. आमी लई इनवलं. तर आमच्याकडून शब्द घेतला, की पोराला हे कधी सांगू नका. त्याला वाटंल, आपल्या जीवापायी बापाचं नाव गेलं.”

हरिचंद्राला समजायला थोडा वेळ लागला. “ते पोर...” तो म्हणाला.

“तूच की रं. तेच तांदूळ खाऊन जगलास.”

अडुसष्ट वर्षांचा गवंडी मटकन खाली बसला आणि पोरासारखा रडला. मायाताईंनी त्याला रडू दिलं. त्यांचे स्वतःचे डोळेही कोरडे नव्हते, आणि त्यांनी ते पुसलेही नाहीत.

मग मात्र त्यांनी घड्याळ बघितलं. “हरिदादा, वीस मिनिटं आहेत. सांधा ओला आहे, निघेल ना?”

“दहा मिनिटांत काढतो,” हरिचंद्र उठला.

त्यानं पहार लावली. खाली उतरून दोरी धरायला चौघे पुढे झाले, त्यांत मुकेश होता आणि पिवळं हेल्मेट घातलेला अभिजीतही होता. दगड सुटला, उलटला, धुतला आणि ओट्यावर उभा राहिला. उंबराच्या फांद्यांखालून चारचं ऊन तिरपं आत आलं होतं. सगळी नावं उठून दिसू लागली. मायाताई खरवडलेल्या ओळीजवळ वाकल्या आणि पट्टी लावून बराच वेळ बघत राहिल्या.

“रागानं खोडलेलं असं नसतं,” त्या हरिचंद्राला म्हणाल्या. “ही बघ छिन्नी. डावीकडून उजवीकडे, एकसारख्या खोलीनं, शेजारच्या अक्षराला धक्का नाही. स्वतःचं नाव पुसताना पण त्या माणसानं ओळ सरळ ठेवली. आबा म्हणतात ते दगडावर लिहिलेलं आहे.”

खात्याच्या बाई चार वाजून पाच मिनिटांनी आल्या. मैत्रेयीनं त्यांना गाळ दाखवला, चुना दाखवला, गुळाच्या भेल्या कुठून कुठून आल्या ते सांगितलं. बाई दगडापाशी आल्या, चष्मा पुसला, एकेक नाव वहीत उतरवू लागल्या. मधेच त्यांची लेखणी थांबली.

“ही ओळ खोडलेली दिसते. ‘रा’ वाचता येतोय. कुणाचं नाव होतं, कुणाला माहीत आहे?”

शंभर माणसांच्या नजरा हरिचंद्राकडे वळल्या. सगळे वाट बघत होते.

“माझ्या बापाचं,” हरिचंद्र म्हणाला. आवाज विहिरीत घुमला आणि दुसऱ्यांदा ऐकू आल्यासारखा झाला. “रावजी गवंडी. हा दगड त्यानं घडवला, ह्या सोळाही पायऱ्या त्यानं घडवल्या. नाव त्यानंच काढलं. कारण त्यानं माझ्यासाठी दोन पायली तांदूळ घेतले होते, आणि ह्या विहिरीवर कुणी मजुरी घेतलेली नाही.”

बाईंनी त्याच्याकडे बघितलं, त्याच्या चुन्यानं उललेल्या हातांकडे बघितलं. “तुम्ही किती घेता?” त्यांनी विचारलं.

“सात महिन्यांत एक दमडी नाही,” मुकेशनंच मागून परस्पर उत्तर दिलं. “चहा पण घरून पिऊन येतात!”

बाई हसल्या. वहीत पुन्हा लिहू लागल्या आणि लिहिताना मोठ्यानं म्हणाल्या, “बांधणारी कुटुंबं, तेवीस.” मग वही मिटून मैत्रेयीला म्हणाल्या, “दगडाला हात लावू नका. ओळ जशी आहे तशी राहू द्या. भराव थांबवायचं पत्र उद्या सकाळी निघेल, मी स्वतः घेऊन जाईन.”

यानंतर पालेगावात जो आरडाओरडा झाला, तो वरच्या विसाव्या मजल्यापर्यंत गेला असावा, कारण तिथल्या मजुरांनीही काही न कळता टाळ्या वाजवल्या. आबांना कुणीतरी उचलून घेतलं. मायाताईंनी वडिलांच्या नावावरून बोट फिरवलं, मग त्याच बोटानं रिकाम्या ओळीवरून फिरवलं, आणि आपण या माणसांच्या पोटच्या आहोत याचा त्यांना इतका अभिमान वाटला, की पाय जमिनीवर ठरेना.

गर्दी पांगायला लागली तसा हरिचंद्र काठावर गेला. गेरूनं अकरा आकडा घातलेला दगड त्यानं अभिजीतच्या मदतीनं खाली उतरवला, मोकळ्या झालेल्या जागेत नवा चुना पसरला, दगड बसवला, हातोड्याच्या मुठीनं ठोकला. सांधे भरले. मग कोरं गोणपाट उचललं आणि टाकण्याआधी मायाताईंकडे बघून थांबला.

मायाताईंनी पर्समधून पट्टी काढली. खाली वाकून चारी बाजूंना लावली. एकदा मोजलं, पुन्हा एकदा मोजलं.

“पास,” त्या म्हणाल्या.

हरिचंद्रानं सांध्यावर गोणपाट अंथरलं आणि बादली कलती केली.